घासाचं बेवड

दिवाळी सरली की निगडीच्या आमच्या गच्चीवर नातसुनेचा हंगाम सुरू होतो. मातीच्या पिशव्या येतात, कुंड्या येतात, शेणखतसुद्धा पाकिटातून येतं आणि त्यावर गाईचं रंगीत चित्र असतं. यंदा तिने एक चपटं पाकीट आणलं, माझ्या तळहातावर थोडं बी ओतलं आणि सांगितलं की याला अल्फाल्फा म्हणतात, सेंद्रिय बागेला याच्यासारखं दुसरं काही नाही. माझा चष्मा कपाळावर होता. तो खाली घ्यायची गरज पडली नाही. मुगापेक्षा कितीतरी बारीक, पिवळसर, एका बाजूला दबलेलं ते बी मी बोटाने चाळवलं आणि ओळखलं. हा आमचा लसूणघास. आम्ही नुसतं घास म्हणायचो.

मग तिने मोबाइलवरून घासाचे गुण वाचून दाखवले. मुळं खूप खोल जातात, खालचं सत्त्व वर आणतात, हवेतलं नत्र मातीला मिळवून देतात. कापून वाफ्यावर अंथरला तर पाल्याचं खत होतं, फुलांवर मधमाश्या येतात. मी मान डोलावत राहिले. म्हातारीला नवं काही शिकवायला मिळालं की पोरी खूश होतात, त्यांचा तो आनंद मी घालवत नाही. आणि तिने वाचलं ते सगळं खरंच होतं. फक्त हे सगळं बळ जमिनीत साठल्यावर ते कोणाचं होतं, हे तिच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते मला माहीत आहे.

आमच्याकडे यासाठी एक शब्द होता. एखादं पीक निघून गेल्यावर मागे जमिनीत जे बळ ठेवून जातं, त्याला बेवड म्हणायचे. हरभऱ्याचं बेवड बरं, भुईमुगाचं चांगलं आणि घासाचं सगळ्यांत चांगलं. घासाच्या मागोमाग गहू टाकला तर तो बघायला माणसं बांधावर उभी राहतात, असं माझे वडील सांगायचे. त्यांनी खेडला (आता त्याला राजगुरुनगर म्हणतात) टांग्याच्या घोड्यांसाठी वर्षानुवर्षं घास केला. मी त्यांच्या पाठोपाठ वाफ्यांतून फिरतच मोठी झाले.

लग्न होऊन मी दिघीच्या पुढे, इंद्रायणीच्या काठच्या एका गावात आले. साल आता नीट आठवत नाही, पण देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. आमचे हे सायकलवरून खडकीला कामाला जात. लष्कराच्या रानातून सकाळी सरावाचे बार ऐकू आले की म्हशी कान टवकारत, माणसांना मात्र सवय झाली होती. घरात सासरे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. सासूबाई माझ्या आधीच गेल्या होत्या. धाकटे दीर सखाराम पूर्णवेळ शेतीत होते आणि वर्षभराने त्यांची बायको शेवंता आली. घरात बायका म्हणजे आम्ही दोघीच. ती मला अक्का म्हणायची. सख्खी बहीण मला नव्हती, आणि शेवंता आल्यावर ती उणीव मला वाटेनाशी झाली. हे आज लिहिताना हात जरा अडतो, पण तेव्हा ते खरं होतं.

जमिनीचे दोन तुकडे होते. एक नदीकडची काळी. गावात तिचं नाव मोठं, आबा पाहुण्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणायचे. दुसरी विहिरीजवळची मुरमाची पट्टी. तिथे नांगर घातला तर खडखड आवाज यायचा आणि पेरलेली बाजरी वीतभर होऊन पिवळी पडायची. त्या पट्टीत काही करून बघू का, असं मी आबांना विचारलं तेव्हा सगळे जेवायला बसले होते. आबांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "मुरमात काय करायचं ते कर. पिकला तर तुझा, न्हाई पिकला तरी तुझाच." सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी नीट गाठीला बांधून ठेवलं.

वडिलांनी बी पाठवलं. दिवाळीनंतरच्या त्या कोरड्या गारव्यात मी आणि शेवंताने मुरमातले दगड वेचले, जेवढं मिळालं तेवढं शेणखत ओढून टाकलं आणि लहान लहान वाफे केले. बी इतकं बारीक की नुसतं फेकलं तर एकाच जागी गोळा होतं, म्हणून ते कोरड्या मातीत कालवून टाकायचं आणि वर हलका हात फिरवायचा. सासरच्या गावात घास कोणी करत नव्हतं. येणारेजाणारे विचारायचे की थोरली सून मुरमात काय मोहरी पेरते का. सखारामभावजी मोट हाकायचे, आम्ही दोघी दारं धरायचो. पाण्याची धार या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवताना पायाला जो गारठा चढायचा, तो आजही थंडीच्या दिवसांत लादीवर पाय टेकला की आठवतो. निगडीत गरम पाण्याचा नळ आहे, मोजे आहेत, तरी आठवतो.

घास उगवला तेव्हा नुसती हिरवी पावडर भुरभुरल्यासारखा दिसला. पहिली कापणी यायला दोन महिने गेले. मग मात्र त्याला खंड नव्हता. कापावा, पाणी द्यावं, महिनाभरात पुन्हा गुडघ्याला लागावा. सकाळी दव वाळायच्या आत कापायचा नाही, ही वडिलांची शिकवण. ओला घास जनावराने भसाभसा खाल्ला की पोट फुगतं, म्हणून कडब्यात मिसळून घालायचा. उन्हं जरा वर आली की आम्ही दोघी विळे घेऊन बसायचो. कापलेल्या घासाचा तो वास हिरवा, थोडा गोड आणि थोडा कच्च्या शेंगांसारखा असायचा. हात हिरवे व्हायचे, बांगड्यांच्या आतली कातडीसुद्धा. शेवंता त्या हातांनी कपाळावरचा घाम पुसायची आणि कुंकवाशेजारी हिरवा पट्टा उठायचा. मी तिला सांगायची नाही. घरी गेल्यावर आबा विचारायचे आणि ती माझ्यावर खोटं खोटं रुसायची.

म्हैस दुधाला वाढली, साय जाड यायला लागली, पण माझा जीव दुधात नव्हता. माझी नजर खाली, मातीवर होती. तिसऱ्या वर्षी बांधाकडेला एक जुनं ठोंब मी पारईने उकरून काढलं. मूळ खाली गेलंच, गेलंच, आम्ही दोघी थकलो तरी टोक सापडेना. बारीक मुळ्यांवर पांढुरक्या, किंचित गुलाबी गाठी होत्या. माती काढून हातावर घेतली तर ती मुरमाची वाटेना. कुस्करली तर मऊ पडत होती, आत गांडुळाने केलेली वाट दिसत होती. शेवंताने विचारलं की आता पुढे काय. मी तिला सगळं सांगितलं. अजून एक वर्ष घास ठेवायचा, मग मोडायचा आणि त्या बेवडावर गहू टाकायचा. विकत आणलेल्या धान्यावर किती दिवस जगायचं? तो गहू झाला की आबा स्वतःच्या तोंडाने चारचौघांत म्हणतील की हे रान थोरल्या सुनेनं केलं. मला तेवढंच हवं होतं. बाईच्या नावावर तेव्हा सातबारा कुठला, पण एका तुकड्याला माझं रान म्हणता आलं असतं.

"आन् काळी?" शेवंता म्हणाली.

मी तिला तेही सांगितलं. काळी आता नावालाच काळी होती. वर्षामागून वर्षं नुसती ज्वारी, शेण सगळं चुलीत जायचं, मातीला परत काही मिळायचं नाही. कणसं दरसाल बारीक होत होती, आणि ती आम्हीच दोघी खुडायचो म्हणून आम्हालाच कळत होतं. पुरुषांना लांबून रंग दिसायचा. आजच्या घडीला मुरूम काळीपेक्षा बळकट आहे, असं मी म्हटलं, तेव्हा शेवंताने हातातली माती पुन्हा एकदा कुस्करून पाहिली. त्या दुपारी गावात ही गोष्ट जाणणारी दोनच माणसं होती.

पुढच्या दिवाळीनंतर आबांनी वाटण्या करायचं ठरवलं. पिंपरीकडे कारखाना उभा राहत होता, कोणाची जमीन कधी कशासाठी जाईल याच्या रोज नव्या बातम्या यायच्या, आणि आपल्या डोळ्यांदेखत पोरांचं मार्गी लागावं असं त्यांना वाटलं. आमच्या भागात वाटणीची रीत साधी होती. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. उरलेला आपल्याकडे येणार म्हटल्यावर थोरला वाटे सारखेच पाडतो, म्हणून ती रीत. फार शहाणी रीत आहे, मी तिला अजूनही नावं ठेवत नाही.

आमच्या ह्यांनी एका वाट्यात काळी ठेवली, दुसऱ्यात मुरमाची पट्टी आणि तिच्यालगतची विहीर. जमलेल्या जुन्या मंडळींना मुरमाचा वाटा फारच हलका वाटला. आबांनी बैलजोडी त्या वाट्यात घालायला सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटा काळी उचलणार हे इतकं उघड होतं की आमचे हे आदल्या दिवशीच जाऊन काळीच्या बांधावर उगाच बसून आले होते, तिचा निरोप घ्यायला. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मनातून मी खुशीत होते. मुरूम माझा होता, आबांच्या शब्दाने आणि आता रीतीनेही माझ्याकडेच येणार होता.

सकाळी सगळे विहिरीपाशी जमले. मी आणि शेवंता जरा लांब, घासाच्या कडेला उभ्या होतो. माझ्या डोक्यावर भारा होता, तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"मला मुरमाचा वाटा," सखारामभावजी म्हणाले.

जमलेल्यांतला एक म्हातारा हसला. "सखाराम, नीट बघ. काळी हाय पलीकडं."

"बघितली. मला मुरमाचाच."

मी आबांकडे पाहिलं. त्यांना आपला शब्द आठवत होता, कारण त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि तंबाखू चोळत बसले. रीतीपुढे सुनेला दिलेला शब्द काय, जेवताना बोललेलं बोलणं. मग मी शेवंताकडे पाहिलं. तिथे जमलेलं एकूणएक माणूस चकित झालं होतं. ती नव्हती.

माणसाला फसवलं गेलं की चार जण हळहळतात, त्याने जरा बरं वाटतं. माझ्या वाट्याला तेही आलं नाही. सगळे आमच्या ह्यांच्या पाठीवर थापा मारत होते. काळी मिळाली, नशीब काढलंस. हे तर इतके आनंदले की त्या दिवशी शिफ्टला उशिरा गेले. रात्री मी त्यांना समजवायला गेले की काळी थकलेली आहे, चार वर्षांचं बळ मुरमात आहे आणि ते आपल्या हातून गेलं. ते हसले. काळी मिळाल्यावर रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली, असं म्हणाले. मी रडत नव्हते. मला फार राग आला होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं.

दोन दिवसांनी पाणवठ्यावर शेवंता जवळ आली. तिच्या हातात घागर होती आणि ती घागरीशीच बोलत असल्यासारखी बोलली. "म्या न्हाई सांगितलं, अक्का. त्यांच्या मनानंच उचलला त्यांनी." मी बरं म्हटलं. त्या क्षणी मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि मी पुढे कितीतरी दिवस तो नेटाने ठेवला. स्वतःलाच पटवायचे. भावजी मोट हाकायचे, चार वर्षं त्या रानात वावरले, त्यांना डोळे नव्हते का? विहीर आणि बैल एका वाट्यात आल्यावर कोणालाही मोह पडेल. शेवंताने सांगितलं असेलच असं कशावरून? एखाद्या वकिलाने अशिलासाठी झटावं तशी मी तिच्यासाठी झटले, आणि अशिलाला त्याची खबरही नव्हती.

त्यांनी घास मोडला त्या दिवशी मी घरातच थांबले. तरी नांगराखाली मुळ्या तुटल्याचा काडकाड आवाज विहिरीकडून येत राहिला. मग गहू आला. वडील म्हणायचे तसाच आला. माणसं खरंच बांधावर उभी राहिली, अगदी आळंदीच्या बाजारातून परतणारी अनोळखी माणसंसुद्धा. सखारामला जमिनीची पारख आहे, असं गावात बोललं जाऊ लागलं. आबा तर काळीऐवजी पाहुण्यांना मुरमाकडून फिरवून आणू लागले. शेवंताने पहिल्या गव्हाचं भरलेलं सूप थोरल्या घरी म्हणून आमच्याकडे पाठवलं. परत पाठवायची माझी छाती झाली नाही. दळला, पोळ्या केल्या. पोळ्या मऊ झाल्या, गोड लागल्या, आणि माझ्या आयुष्यात इतकं कडू मी दुसरं काही खाल्लेलं नाही.

आता त्या जागी ना मुरूम आहे ना काळी. दोन्हीकडे इमारती झाल्या, दोन्ही घरांना भरपूर मिळालं आणि दोन्ही घरची मुलं एकमेकांच्या लग्नकार्याला हजर असतात. मध्ये एकदा मी मुलाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आई, तुझं नुकसान काय झालं? हिशेबाने त्याचं बरोबर आहे. त्याला बेवड म्हणजे काय तेच ठाऊक नाही. आपण राबून साठवलेलं कोणीतरी सहज उचलून नेतं, आणि ते आपलं होतं याची आठवणसुद्धा जगात कोणाला उरत नाही. नुकसान ते झालं. इतकी वर्षं झाली, सगळे मेले, तरी ते अजून बोचतं. बोचू नये असं लोक म्हणतात, म्हणोत.

मी काळीत पुन्हा पहिल्यापासून घास केला. एकटीनेच. एका बाजूचे वाफे बियाण्याला ठेवले. जांभळी फुलं आली, मधमाश्या आल्या, उन्हाळ्यात पिळदार शेंगा वाळल्या. काळी हळूहळू शुद्धीवर येत होती. तिकडे मुरमात मात्र गव्हावर गहू, मग कांदा, मग पुन्हा गहू. भावजींना वाटलं की रान जात्याच असं आहे. दोन-तीन हंगामांत गहू उतरला आणि कांदा गोटीएवढा व्हायला लागला. अशाच एका थंडीत, दिवाळीचे दिवे विझून आठवडा झाला असेल, शेवंता आमच्या दारात आली. तिला घासाचं बी हवं होतं. त्यांच्या वाट्याला आलेला मुरूम पुन्हा पांढरा पडला होता.

तिला ते मागताना जड गेलं, हे मला दिसत होतं. मी आत गेले. घासाच्या बियाण्यात एक धोका असतो, अमरवेलीचा. तिचं बी घासाच्या बियांहून बारीक असतं आणि त्यात बेमालूम मिसळून जातं. एकदा रानात पडलं की त्याचे पिवळे दोरे घासाला विळखा घालतात, सगळं सत्त्व शोषून घेतात, आणि ते रान मग वर्षानुवर्षं साफ होत नाही. म्हणून रवा चाळायच्या चाळणीने बी चाळायचं, घास वर राहतो आणि अमरवेल खाली पडते. ज्याचं वाईट करायचं त्याला न चाळलेलं बी दिलं की पुरे. माझ्याकडे दोन गाडगी होती. एक चाळून ठेवलेलं, घरच्या पेरणीचं, आणि एक तसंच, न चाळलेलं. मी माझ्या पेरणीतलं, चाळलेलं बी तिच्या ओटीत घातलं. त्यात मोठेपणा काही नव्हता, दुसरं काही देण्याचं माझ्या मनातच आलं नाही.

तिच्या मात्र मनात आलं होतं. तिने पदराआडून चाळण काढली. घरून आणली होती. आमच्या अंगणात फडकं अंथरलं, त्यावर चाळण धरली आणि माझ्यासमोर ते बी चाळायला बसली. बी कसं चाळायचं ते तिला मीच शिकवलं होतं, आणि एकत्र पेरायचो तेव्हा मी हातात दिलेलं बी तिने कधी पुन्हा चाळलेलं नव्हतं. तेव्हा विश्वास होता. तिने आपल्या हाताने काय केलं ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याची परतफेड माझ्याकडून येणार असं धरून ती चाळण घेऊन आली होती. तिच्या बाजूने इतकी वर्षं मी जे काही स्वतःला सांगत आले, ते सगळं त्या चाळणीच्या आवाजात संपलं.

फडक्यावर काही पडलं नाही. तिने चाळण थांबवली, फडकं उचलून उजेडात धरून पाहिलं आणि झटकलं. बी पुन्हा ओटीत बांधलं. मग मान वर न करता म्हणाली, "बी चांगलं हाय, अक्का."

मी "व्हय," म्हटलं. मुरूम गेला त्या सकाळी, भारा डोक्यावर घेऊन उभी असतानाही मी रडले नव्हते. ती गल्लीतून वळून दिसेनाशी झाल्यावर मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं.